७५, ९० की १३५? रेंजफाइंडरसाठी शॉर्ट टेलिफोटो लेन्स निवडताना आणि पारखताना

रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर पन्नासची (५० मिमीची) लेन्स हातात बसली की कधी ना कधी चेहऱ्यांसाठी काहीतरी लांब हवं असं वाटू लागतं. नागपुरात कॅमेरा घेऊन फिरणारी मंडळी भेटली की प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, नव्वदची कोणती घेऊ?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: "बॉडी कोणती आहे?" विचारणाऱ्याला हे टाळाटाळीचं वाटतं, पण निम्मं उत्तर तिथेच असतं.

एसएलआर किंवा मिररलेसमध्ये तुम्ही लेन्समधूनच बघता. लेन्स लांब झाली की दृश्य मोठं दिसतं आणि फोकस करणं सोपं जातं. रेंजफाइंडरमध्ये तसं होत नाही. २८ लावा नाहीतर १३५, डोळ्यासमोरचं दृश्य तेवढंच राहतं, मधला पॅच (ज्यात दोन प्रतिमा एकावर एक बसवून फोकस करायचा) तेवढाच राहतो, फक्त आतली चौकट, म्हणजे फोटोत किती येईल ते दाखवणारी फ्रेमलाइन, लहान होत जाते. म्हणजे फोकसची अचूकता कॅमेऱ्याच्या घडणीत एकदाच ठरून गेलेली असते आणि लेन्सची भूक मात्र फोकल लेंथच्या वर्गाने वाढते. म्हणून लेन्सची तुलना करण्याआधी कॅमेरा मोजायचा.

पहिलं काम: बॉडी मोजा

कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला व्ह्यूफाइंडरची खिडकी आणि रेंजफाइंडरची लहान खिडकी असते. या दोघींमधलं अंतर म्हणजे बेस. त्याला व्ह्यूफाइंडरच्या मॅग्निफिकेशनने गुणलं की प्रभावी बेस मिळतो. लायका एम६ चा बेस ६९.२५ मिमी आणि मॅग्निफिकेशन ०.७२, म्हणजे प्रभावी बेस साधारण ५० मिमी.

आता लेन्सला किती बेस लागतो ते काढा. फोकल लेंथचा (लेन्सच्या मिलिमीटरचा) वर्ग करा, एफ-नंबरने (लेन्स किती उघडते त्याचा आकडा, जितका लहान तितकी जास्त उघडी) भागा, आलेल्या आकड्याला १०० ने भागा. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. ९० एफ/२ घ्या: ९० चा वर्ग ८१००, त्याचे निम्मे ४०५०, म्हणजे ४०.५ मिमी. या हिशोबात दोन गोष्टी धरल्या आहेत: डोळ्याची अचूकता एक मिनिट कोनाएवढी, आणि फिल्मवर चालून जाणारा धूसरपणा ०.०३ मिमी. मध्यम आकाराच्या प्रिंटसाठी हे ठीक आहे. डिजिटल फाइल स्क्रीनवर शंभर टक्के मोठी करून बघायची सवय असेल तर उत्तर दुप्पट धरा.

| लेन्स | लागणारा प्रभावी बेस (मिमी) |
|---|---|
| ८५ एफ/४ | १८ |
| ९० एफ/४ | २० |
| ७५ एफ/२.५ | २२.५ |
| ७५ एफ/२ | २८ |
| ९० एफ/२.८ | २९ |
| ८५ एफ/२ | ३६ |
| ७५ एफ/१.५ | ३७.५ |
| ९० एफ/२ | ४०.५ |
| १०५ एफ/२.५ | ४४ |
| १३५ एफ/४ | ४५.५ |
| १३५ एफ/२.८ | ६५ |

याच्या शेजारी बॉडीचे आकडे ठेवा म्हणजे गंमत कळते. लायका एम३ चा प्रभावी बेस ६२ मिमीच्या आसपास, या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीपर्यंत जवळजवळ सगळं झेलणारा. एम९ चा ४७, एम१० चा ५० च्या किंचित वर. झाइस आयकॉन झेडएमचा ५५. कॅनन ७ चा ४७, कॅनन पी चा ४१. कोनिका हेक्सार आरएफचा ४१.५. बेसा आर३ए मध्ये मॅग्निफिकेशन पूर्ण १ आहे, म्हणून लहान बेस असूनही ३७ मिळतात. तिचीच बहीण आर२ए मात्र ०.७ मुळे २६ वर अडकते. मिनोल्टा सीएलई २९, आणि खिशात मावणारी लायका सीएल जेमतेम १९.

म्हणजे आर२ए वर ९० एफ/२.८ सुद्धा पूर्ण उघडी असताना काठावर आहे, आणि सीएल वर तिच्याच जोडीची ९० एफ/४ काठावर आहे. या बॉडीवर ९० एफ/२ लावता येते, फोटोही निघतात, पण एक मीटरवर डोळा शार्प येईल की कान, हे दैवावर सोडावं लागतं.

सगळ्यात मोठं आश्चर्य जुन्या स्क्रू माउंटच्या (लेन्स आट्यांवर फिरवून बसते अशा) लायका आयआयआयसीचं आहे. बेस फक्त ३९ मिमी, पण रेंजफाइंडरची आयपीस दृश्य दीडपट मोठं करते, त्यामुळे प्रभावी बेस ५८ च्या पुढे जातो. १९५० मध्ये टोकियोत छायाचित्रकार जुन मिकी यांनी निकॉनच्या निक्कॉर ८५ एफ/२ ने लाइफ मासिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांचा फोटो काढला. तो पाहून डंकन यांनी आपल्या लायकांसाठी निक्कॉर लेन्सा घेतल्या आणि त्याच कोरियन युद्धात वापरल्या. निकॉनचं नाव जगभर झालं ते तिथून. एवढ्या उघड्या लेन्सला पेलणारा रेंजफाइंडर त्या छोट्या लायकांमध्ये होता, ही गोष्ट मात्र त्या कथेत सहसा कोणी सांगत नाही.

बेस थोडाच कमी पडत असेल तर आयपीसवर बसणारं १.२५ पट मॅग्निफायर घ्या. ०.७२ च्या लायकाचा ५० चा बेस त्याने ६२ होतो. नवीन लेन्सपेक्षा हा तुकडा खूप स्वस्त पडतो, आणि ९० मिमीला चौकटही मोठी दिसते.

फ्रेमलाइन दिसते का, आणि कुठली दिसते

एम६ आणि त्यानंतरच्या फिल्म लायकांत चौकटी जोडीने येतात: २८ सोबत ९०, ३५ सोबत १३५, ५० सोबत ७५. यातली ७५ ची अवस्था वाईट आहे. पन्नासच्या चौकटीच्या आत तिचे फक्त कोपऱ्यांचे तुकडे दिसतात आणि गर्दीत ते सापडत नाहीत. ९० ची चौकट लहान असली तरी ठसठशीत असते. एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ आहेत, ७५ नाहीच. एम२ मध्ये ३५, ५०, ९०. झाइस आयकॉनमध्ये २८ सोबत ८५ येते, म्हणून ८५ एफ/४ झेडएम तिथे चपखल बसते. बेसा आर२ए आणि आर३ए मध्ये ७५ आणि ९० दोन्ही आहेत आणि त्या हाताने निवडायच्या असतात. चष्मा लावणाऱ्यांना लांब लेन्सचा एक फायदा मिळतो: ९० ची चौकट मधोमध असते, डोळा काचेला टेकवावा लागत नाही.

स्क्रू माउंटची लेन्स एम बॉडीवर लावायची असेल तर अडॅप्टर रिंग बघून घ्या. ५०-७५, २८-९० आणि ३५-१३५ अशा वेगवेगळ्या रिंगा मिळतात. चुकीची लावली तर लेन्स ९० ची आणि चौकट ५० ची असा प्रकार होतो.

दूरच्या दृश्यात फोटोत चौकटीपेक्षा जास्त भाग येतो, हेही ध्यानात असू द्या. चौकटी जवळच्या अंतरासाठी आखलेल्या असतात. ९० लावून दीक्षाभूमीचा स्तूप चौकटीत घट्ट बसवलात तर निगेटिव्हवर चारही बाजूंनी मोकळी जागा येईल.

नागपुरात काय टिपायचं आहे?

दोन मीटरवरून उभी फ्रेम धरली तर ७५ मध्ये साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरचा भाग येतो आणि ९० मध्ये ४८ बाय ७३. म्हणजे ७५ मध्ये माणूस कमरेपर्यंत, ९० मध्ये छातीपर्यंत. नाकडोळ्यांची ठेवण बदलते ती अंतरामुळे, लेन्समुळे नाही. दोन्ही लेन्स एकाच जागी उभं राहून लावल्या तर चेहरा तोच राहतो, फक्त कापला वेगळा जातो.

महाल आणि इतवारीच्या गल्ल्यांमध्ये ९० घेऊन मागे सरकायला जागाच नसते. पाठ भिंतीला लागते आणि समोरून हातगाडी येते. तिथे ७५, खरं तर ५०. मारबतीच्या (मारबत आणि बडग्यांच्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत मात्र उलटं असतं. बडग्यांच्या मागे धावण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या घराच्या गच्चीत किंवा ओट्यावर उभं राहून ९० ने चेहरे वेचावेत, मिळाली तर १३५ ने. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो लोक असतात. तिथे कुणाच्या तोंडाजवळ कॅमेरा नेण्यापेक्षा तीन-चार मीटर लांबून ९० ने काम करणं सभ्यपणाचं आहे, आणि फोटोही सहज येतात. हिवाळी अधिवेशनाच्या मोर्च्यांना ७५ बरी, कारण गर्दी सतत पुढे सरकत असते आणि चौकटीबाहेरून काय येतंय हे बघायची सोय रेंजफाइंडरमध्येच आहे.

एकच घ्यायची असेल आणि बॉडीत ९० ची स्वच्छ चौकट असेल तर ९० घ्या. पन्नास आधीपासून आहे, तर ७५ तिच्या फार जवळ येते. ज्यांची रोजची लेन्स ३५ आहे त्यांना मी ७५ सुचवतो. १३५ चं प्रकरण रेंजफाइंडरवर तितकं आनंदाचं नाही. ०.७२ च्या फाइंडरमध्ये तिची चौकट टपाल तिकिटाएवढी वाटते. एफ/२.८ च्या १३५ एल्मारिटला लायकानेच समोर चष्म्यासारख्या भिंगांची जोडी बसवून दिली होती, कारण साध्या बॉडीला ती पेलत नाही. एफ/४ ची १३५ टेले-एल्मार बरी, आणि सहसा कोणी शोधत नसल्यामुळे स्वस्तही असते.

ऊन आणि अॅपर्चर

आता एफ/२ वाल्यांसाठी थोडा हिशोब. सनी सिक्स्टीनचा नियम सगळ्यांना माहीत आहे: भर उन्हात एफ/१६ आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं. आयएसओ १०० ची फिल्म, एफ/१६, १/१२५. शटर १/१००० केलं तर एफ/५.६. लायका एम६, कॅनन पी, कॅनन ७ यांचं शटर १/१००० लाच संपतं. म्हणजे नागपूरच्या दुपारी १०० च्या फिल्मवर एफ/४ ची लेन्ससुद्धा पूर्ण उघडता येत नाही. ४०० च्या फिल्मवर तर एफ/११ च्या खाली उतरायचं नाही. तिथे एफ/२ वापरायचं म्हटलं तर पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कापणारा एनडी, म्हणजे नुसता उजेड कमी करणारा, फिल्टर लागेल. बेसा आर३ए आणि झाइस आयकॉन १/२००० पर्यंत जातात, हेक्सार १/४००० पर्यंत. एवढाच दिलासा.

ब्लॅक अँड व्हाइटवाल्यांना पिवळ्या फिल्टरने जवळजवळ एक स्टॉप कमी होतो आणि आकाशही उतरतं. म्हणून लेन्स घेताना फिल्टरची चुडी बघा. ३९ मिमीची असेल तर जुन्या लायका लेन्सांचे फिल्टर चालतात. ५८ ची असेल तर प्रत्येक फिल्टर नव्याने.

एफ/२ चं खरं काम संध्याकाळनंतर. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि नंतर सीताबर्डीच्या दुकानांच्या उजेडात ४०० ची फिल्म, एफ/२, १/१२५ असं कसंबसं जमतं. एफ/४ वर तोच फोटो घ्यायचा तर फिल्म १६०० ला पुश करावी (१६०० ची धरून वापरावी आणि जास्त वेळ डेव्हलप करावी) लागते. रेंजफाइंडरमध्ये आरसा उडत नाही, त्यामुळे हात स्थिर असेल तर ९० वर १/६० ला फोटो निघतो. पण समोरचा माणूस स्थिर असावा लागतो, आणि तो बर्डीत असेल तर नसतोच.

बाजारात काय आहे

लहान आणि सावकाश लेन्सांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांनी तिथेच थांबावं असं माझं मत आहे. लायट्झची (लायका बनवणाऱ्या कंपनीची) ९० एफ/४ एल्मार १९३१ पासून स्क्रू माउंटमध्ये येत होती, पुढे एम माउंटमध्येही. चार काचा, साधी रचना. मधोमध आजही पुरेशी शार्प, पण समोरून उजेड आला की कॉन्ट्रास्ट ढासळतो. हुड (बाजूचा उजेड अडवणारी पुढची कड) नसेल तर घेऊ नका, घेतलीत तर आधी हुड शोधा. फोइग्टलेंडरची ९० एफ/३.५ अपो-लँथार ही या गटातली माझी आवडती. स्क्रू माउंट असल्याने जुन्या-नव्या सगळ्या बॉडीवर जाते, पूर्ण उघडी असतानाही रंगाच्या कडा जवळजवळ दिसत नाहीत, आणि बेसा आर२ए च्या २६ मिमीतही बसते. झाइसची ८५ एफ/४ टेले-टेसार ३१० ग्रॅम, ०.९ मीटरपर्यंत फोकस, पहिल्या स्टॉपपासून करकरीत. एफ/४ बघून लोक तिला नाकं मुरडतात. भर दुपारी त्यांचा एफ/२ सुद्धा एफ/८ वरच असतो, ही गोष्ट ते विसरतात. कॅननची स्क्रू माउंट १०० एफ/३.५ हलकी आणि स्वस्त, पण बॉडीत १०० ची चौकट हवी. कॅनन पी मध्ये ती आहे.

मधल्या गटात एफ/२.५ आणि एफ/२.८. लायकाची बारीक टेले-एल्मारिट ९० एफ/२.८ फक्त २२५ ग्रॅमची, बॅगेत आहे की नाही कळत नाही. तिच्या मागच्या काचेवर धूसर थर बसतो आणि तो अनेकदा पुसला जात नाही, ही तिची प्रसिद्ध खोड. १९९० ची एल्मारिट-एम ९० एफ/२.८ जड आहे, पण तक्रारीला जागा ठेवत नाही. आणि अलीकडची फोइग्टलेंडर ९० एफ/२.८ अपो-स्कोपार, २०२१ ची, २५० ग्रॅम, ३९ मिमी फिल्टर. आज कोणी नवी लेन्स विचारली तर मी हिचंच नाव घेतो. ७५ मध्ये त्यांचीच जुनी कलर-हेलियार एफ/२.५ आहे, २३० ग्रॅमची आणि स्क्रू माउंटची. ती सीएलई वरही विनातक्रार चालते. फक्त चौकट अंदाजाने धरायची, कारण सीएलई मध्ये २८, ४० आणि ९० एवढ्याच आहेत.

उघड्या लेन्सांमध्ये मोह खूप. लायकाचे लेन्स डिझायनर वॉल्टर मँडलर यांची ७५ समिलक्स एफ/१.४, १९८० ची, तिच्या मऊ-शार्प चेहऱ्यांसाठी लोक वेडे होतात आणि किंमत बघून शहाणे होतात. त्याच वाटेवर परवडणारी म्हणजे फोइग्टलेंडरची ७५ नॉक्टन एफ/१.५, २०१९ ची, ३५० ग्रॅम, ०.७ मीटरपर्यंत फोकस. लायकाची ९० अपो-समिक्रॉन १९९८ ची, अर्ध्या किलोची. काचेच्या दृष्टीने या लेखातली ती कदाचित सगळ्यात अचूक लेन्स, आणि म्हणूनच कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरमधली चूकही तीच सगळ्यात आधी उघडी पाडते.

रशियन ज्युपिटर-९, ८५ एफ/२, हिच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. युद्धाआधीच्या झाइस सोन्नारची ही नक्कल, सात काचा तीन गटांत, पंधरा पात्यांचं गोल अॅपर्चर. पाठीमागचा धूसरपणा लोण्यासारखा. अडचण अशी की सोव्हिएत स्क्रू माउंटचं रेंजफाइंडरचं गणित लायकापेक्षा थोडं वेगळं आहे. फेड किंवा झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर बरोबर फोकस होणारी लेन्स लायकावर जवळच्या अंतरात, पूर्ण उघडी असताना, काही सेंटिमीटर हुकू शकते. शिवाय सोन्नार पद्धतीच्या लेन्सांमध्ये अॅपर्चर बंद करताना फोकस सरकतो. तिला फेड-२ वर वापरा. त्या बॉडीचा प्रभावी बेस ५० च्या घरात आहे, पण चौकट नसल्याने वर वेगळा फाइंडर लावावा लागेल.

हातात घेतल्यावर

जपानमधून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरूनच भाव ठरवा. इथे कुणाकडून प्रत्यक्ष घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च पुरेसा आहे. लेन्स पूर्ण उघडा, मागून टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, एकसारखा दुधी पडदा दिसला तर हेझ, कडेला इंद्रधनुषी किंवा चकचकीत डाग दिसले तर काचांमधला डिंक सुटला आहे. धुळीचे चार कण सोडून द्या, त्यांनी काहीही बिघडत नाही. १९५० च्या दशकातल्या लेन्सांचं कोटिंग मऊ असतं, त्यावर पुसल्याचे बारीक ओरखडे हमखास दिसतात. थोडे चालतात, पण काच भुरकी दिसत असेल तर भाव पाडून मागा.

मग मागच्या बाजूची कड बघा, जी बॉडीतल्या रोलरला ढकलते. त्यावर खाच किंवा घासलेली जागा असेल तर फोकस कधीच सारखा येणार नाही. फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच सैल, मध्येच घट्ट लागली तर ग्रीस वाळलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या लेन्सांचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं, ते पात्यांवरच्या चमकदार ओलीवरून ओळखू येतं. विकणाऱ्याकडे मिररलेस असेल तर एम अडॅप्टरवर लावून बघा. काच कशी आहे ते लगेच कळेल. रेंजफाइंडरशी जुळते की नाही हे मात्र त्यातून कळणार नाही, आणि त्यासाठीच पुढची चाचणी.

घरी चाचणी

आधी इन्फिनिटी. लेन्स इन्फिनिटीला टेकवा आणि पॅचमध्ये दूरची उभी रेघ बघा, किमान अर्धा-एक किलोमीटर लांबची. फुटाळा तलावाच्या काठावरून पलीकडचा एखादा खांब चालतो. मार्चनंतर हे सकाळी सातच्या आत उरका, कारण नऊ वाजता तापलेली हवा थरथरायला लागते आणि पॅचमधली रेघही नाचते. सगळ्यात बिनचूक म्हणजे चंद्र. दोन चंद्र एकावर एक बसले पाहिजेत. बाजूला सरकलेले दिसले तर आडवी जुळवणी बिघडली आहे, वर-खाली दिसले तर उभी. उभ्या बिघाडाने फोकस हुकत नाही, डोळ्याला त्रास तेवढा होतो.

आता जवळचं अंतर. टेबलावर पाच पातळ पुस्तकं पायऱ्यांसारखी उभी करा, प्रत्येकाचा कणा कॅमेऱ्याकडे आणि आधीच्यापेक्षा एक सेंटिमीटर मागे. मधल्या पुस्तकाच्या कण्यावर फोकस करायचा. एक सेंटिमीटर का, तर एक मीटरवर ९० एफ/२ ची डेप्थ ऑफ फील्ड (पुढून मागे शार्प दिसणारा पट्टा) जेमतेम १.४ सेंटिमीटर असते, एफ/२.८ ची १.९, एफ/४ ची २.७. दोन मीटरवर ती एफ/२ ला साडेपाच सेंटिमीटरच्या वर जाते, तेव्हा प्रत्येक पुस्तक आधीच्यापेक्षा चार सेंटिमीटर मागे ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, केबल रिलीज लावून, कण्यांच्या उंचीला. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे कण्यांची अक्षरं पॅचमध्ये ठळक दिसतील.

प्रत्येक अंतरावर पूर्ण उघड्या लेन्सने तीन फोटो घ्या आणि प्रत्येक वेळी फोकस बिघडवून नव्याने करा. एकदा इन्फिनिटीकडून जवळ या, एकदा जवळून लांब जा, तिसऱ्यांदा नेहमी करता तसं. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक गाळतात आणि मग एका फोटोवरून लेन्सला नाव ठेवतात. तीन फोटोंमध्येच खरं निदान आहे. तिन्ही वेळा फोकस एकाच बाजूला, समजा पुढच्या पुस्तकावर, पडत असेल तर जुळवणी चुकली आहे आणि ती दुरुस्त होते. एकदा पुढे, एकदा मागे, एकदा बरोबर असं होत असेल तर लेन्स निर्दोष आहे. तुमचा डोळा आणि बॉडीचा बेस इथे संपतो. मॅग्निफायर लावा किंवा एक स्टॉप बंद करा. दुरुस्ती करणाऱ्याला यात करण्यासारखं काही नाही.

नंतर एफ/२.८, ४ आणि ५.६ वर एकेक. फोकस केल्यानंतर रिंगला हात न लावता फक्त अॅपर्चर बदला. शार्प भाग मागे मागे सरकत गेला तर तो फोकस शिफ्ट. तो लेन्सचा स्वभाव असतो, दुरुस्त होत नाही. अशा लेन्सची जुळवणी तुम्ही सर्वात जास्त वापरता त्या अॅपर्चरला करून घ्यायची.

फिल्म वाया घालवायची नसेल तर मागचं दार पूर्ण उघडणाऱ्या बॉडीत, बेसा किंवा कॅननमध्ये, फिल्म जिथून सरकते त्या रुळांवर धूसर चिकटपट्टी ताणून लावा. शटर बी वर उघडं धरा आणि भिंगाने प्रतिमा बघा. पट्टी रुळांवर सपाट बसली पाहिजे, फुगली की सगळं फोल.

दोन लेन्सांची तुलना करायची असेल तर आधी दोन्हींचा फोकस असा बरोबर करून घ्या, मग बाहेर पडा. नाहीतर तुलना काचांची न होता जुळवणीची होते. बाहेर मी तीन गोष्टी बघतो. कडुनिंबासमोर कुणाला तरी दोन मीटरवर उभं करतो, पानांमधून येणारे आकाशाचे ठिपके मागे कसे विरघळतात ते दिसतं. फुटाळ्यावर मावळतीला सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवतो, हुडसह आणि हुडशिवाय. जुन्या एल्मारचा आणि नव्या लेन्सचा फरक इथे सर्वात मोठा दिसतो. आणि रंगीत फिल्मसाठी कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची आवक असताना जातो. संत्र्याची साल, तागाचं पोतं आणि माणसाची त्वचा एका फ्रेममध्ये आली की कुठली लेन्स उबदार आणि कुठली थंड, ते प्रिंटवर लगेच कळतं. भिंतीच्या विटा मोजत कोपऱ्यांची शार्पनेस मी बघत नाही. चेहऱ्याच्या फोटोत कोपऱ्यात काय असतं?

बिघाड कुणाचा

फोकस एकाच बाजूला हुकत असेल तर त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावून तीच पुस्तकं पुन्हा मांडा. पन्नासची चालेल, पण जितकी उघडी तितकी बरी. दोन्ही लेन्स सारख्याच बाजूला हुकल्या तर बॉडीचा रेंजफाइंडर सरकला आहे. एकच हुकली तर ती लेन्स. जवळ बरोबर आणि लांब चूक, किंवा उलट, असं असेल तर रोलरच्या दांड्याची जुळवणी बिघडली आहे. हा स्क्रू घरी फिरवू नका. एक टोक जुळवलं की दुसरं बिघडतं आणि दोन्ही टोकं आलटून पालटून जुळवत न्यावी लागतात. दुरुस्तीला पाठवताना बॉडी आणि लांब लेन्स दोन्ही पाठवा, सोबत चाचणीचे प्रिंट किंवा फाइल आणि कुठल्या अंतराला, कुठल्या अॅपर्चरला किती हुकतं हे लिहून द्या. नुसतं "फोकस बरोबर नाही" असं लिहिलं तर लेन्स पुसून परत येते.

पावसाळ्यात, जून मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत, लेन्स चामड्याच्या जुन्या डब्यांत ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच चढते. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, दाणे रंग बदलले की तव्यावर कोरडे करून पुन्हा आत. मधूनमधून लेन्स काढून वापरत राहा. उन्हाळ्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की बुरशीची भीती नाही, भीती ग्रीसची आहे. लेन्स आडव्या न ठेवता टोपीवर उभ्या ठेवा आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून नसेल हे बघा.